टाकीचं सुटलेलं पोट

ही गोष्ट २०२३ सालच्या उन्हाळ्यातली. खारघरमध्ये मेट्रोची स्टेशनं सजूनधजून उभी होती आणि मेट्रो काही येत नव्हती. मांडव घालून झालेला आणि नवरामुलगा बेपत्ता, तसं. त्याच उन्हाळ्यात सदुसष्ट वर्षांच्या मीनाताई देवस्थळी पुन्हा कॉलेजात जाऊ लागल्या. कुणी विचारलं तर त्या ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणायच्या. पण सोसायटीत राहणाऱ्या बाईला ‘जरा बाहेर’ एवढं उत्तर पुरत नाही. आठवडाभरात सगळ्या बिल्डिंगला कळलं की देवस्थळी काकू इंजिनिअरिंगचा सर्टिफिकेट कोर्स करतायत, आणि तोही कॉम्प्युटरवरचा.

कोर्स होता गोल, लांबोडक्या वस्तूंचा. पिंप, पाइप, टाकी, बॉयलर. अशा वस्तूवर जोर पडला तर ती कुठे किती ताणते हे कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी आधी वस्तूचं चित्र करायचं, मग चित्राचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, त्याला मेश म्हणतात, आणि मग प्रत्येक तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तुला किती त्रास होतोय? सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळवली की वस्तूचा एकूण त्रास कळतो. मीनाताईंना वाटलं, ही तर सोसायटीची सर्वसाधारण सभाच झाली. फरक इतकाच की इथे उत्तरं जुळतात.

या वयात ही हौस कशाला, असं त्यांचे यजमान सुधीरराव सोडून सगळ्यांनी विचारलं. मीनाताईंनी उभी हयात एका बॉयलरच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर काढली होती. पत्र्याची जाडी किती घ्यायची हे आतल्या केबिनमधून ठरून यायचं आणि त्या ते रेखाटायच्या. एवढीच जाडी का, असं एकदा त्यांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले होते, “मिसेस देवस्थळी, तुम्ही रेघ फार सुंदर मारता.” हे कौतुक अजून त्यांच्या घशात अडकलेलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरांना रेघा मारल्या. एक उत्तर आपलं स्वतःचं काढायचं, आणि ते बरोबर आलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

वर्गात शिकवायला अबोली मॅडम होत्या. वयाने मीनाताईंच्या धाकट्या मुलीएवढ्या. पहिल्याच दिवशी साधा भरीव सिलिंडर करायला सांगितला. मीनाताईंनी गोल काढला, वर ओढला, सिलिंडर तयार. मग मेशचं बटण दाबलं, तर कॉम्प्युटरने आत वेडेवाकडे त्रिकोण असे कोंबले की फरसाणाची पिशवी पारदर्शक झाल्यासारखी वाटावी.

“काकू, असं नाही,” अबोली मॅडम म्हणाल्या. “गोलाचे आधी आपण तुकडे करायचे. मध्ये एक चौकोन ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांतून कडेपर्यंत रेघा काढा. आता करा मेश.”

आणि काय सांगावं! नऊवारीच्या निऱ्या बसाव्यात तशी जाळी बसली. एकसारखी, कडेला गोलाईने वळत गेलेली, मध्ये चौकटीची. मीनाताईंना बोर्डावरच्या दिवसांची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मुलाला वाटलं, काकूंना स्क्रीनचा त्रास होतोय. त्याने उजेड कमी करून दिला.

घरी मात्र या विद्येचे परिणाम दिसू लागले. सुधीररावांच्या पानात भाकरी आली ती मधला चौकोन वेगळा आणि भोवती चार वळलेले तुकडे अशी.

“हे काय? माझ्या भाकरीने काय घोडं मारलंय तुझं?”

“गोल वस्तू अशीच कापायची असते. कोपरे जास्त टोकदार होत नाहीत.”

“भाकरीला कोपरे नसतातच, मीना. ते तू केलेस.”

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एका खऱ्या वस्तूवर प्रोजेक्ट करायचा होता. वस्तू ज्याच्या मालकीची, त्याची सही लागायची, आणि मग बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेणार. मीनाताईंची नजर वर गेली. त्यांच्या बिल्डिंगच्या बिल्डरला कसली लहर आली होती देव जाणे, पण त्याने गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी चौकोनी न बांधता गोल बांधली होती. सिलिंडर डोक्यावर आणि आपण जगभर शोधतोय! सोसायटीचे सेक्रेटरी अभिराम म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘प्रोसेस’ हा शब्द घालणारा माणूस. तो खूश झाला. “करा ना काकू. सोसायटीचं फुकट ऑडिट होऊन जाईल. सही काय, शेवटी देतो, प्रोसेसप्रमाणे.”

माप घ्यायला मीनाताई टेप घेऊन गच्चीवर गेल्या तर त्यांच्या मागोमाग सल्लेही चढले. शेजारच्या करिमुन्निसाभाभी, मूळच्या म्हसळ्याकडच्या, टेपचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, “ताई, रंग धरून माप घेताय की रंग सोडून?” टाकीच्या बरोबर खाली शेवटच्या मजल्यावर राहणारे गोटीराम म्हात्रे म्हणाले, “मापं कशाला? बिल्डरला इचारा ना.” बिल्डर कुठे आहे हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. गोटीरामांच्या आई बायजाबाई करावे गावच्या, खाडीवर जन्म गेलेल्या. त्या खुर्चीत बसून नुसत्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “येवरीशी टाकी, आनि मापं किती गो घेतंस. पोरीचं लगीन हाय का तुज्या?”

मग घरच्या लॅपटॉपवर काम सुरू झालं. पहिल्या खेपेला मीनाताईंनी टाकी मिलिमीटरमध्ये काढली आणि सिमेंटचे आकडे मीटरच्या हिशेबाने भरले. कॉम्प्युटरला एककं कळत नाहीत. तो बिचारा जे देऊ ते खरं मानतो. उत्तर आलं की पाणी भरल्यावर टाकी फुगून पनवेलच्या पलीकडे जाईल. दुसऱ्या खेपेला एककं सुधारली, पण टाकी गच्चीला चिकटवायचीच राहिली. बुड कुठेच धरलेलं नाही म्हटल्यावर टाकी स्क्रीनवरून सरळ उडून गेली. सुधीरराव मागे उभे राहून चहा पीत होते. ते एवढंच म्हणाले, “गेली.”

तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. बुड घट्ट धरलेलं, पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी, मेश निऱ्यांसारखी. आणि चित्र उमटलं. वर निळं, मग हिरवं, पिवळं, आणि बुडाच्या थोडं वर लालभडक. खाली चिमटलेली आणि त्याच्या वर पोट सुटलेली टाकी. अगदी पुस्तकात दाखवतात तशी. मीनाताई खुर्चीत मागे टेकल्या. हे उत्तर त्यांचं होतं.

आता एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. टाकी पाण्याने फुगते ती केसाच्या जाडीहूनही कमी. ते डोळ्यांना कसं दिसणार? म्हणून हे सॉफ्टवेअर आपण होऊन ते फुगणं हजारो पटींनी वाढवून दाखवतं, आणि किती पटींनी वाढवलं ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहितं. सुधीररावांना बायकोचा अभिमान अनावर झाला. मीनाताई आंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला. कोपऱ्यातले इंग्रजी आकडे चित्राची शोभा घालवत होते, म्हणून ते कापून टाकले. आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं: ‘आमच्या सौ.ने आपल्या टाकीचा अभ्यास केला आहे. लाल भागाकडे अवश्य लक्ष द्यावे.’

लोकांनी लक्ष दिलं.

मीनाताई केस पुसत बाहेर आल्या तेव्हा दारावर बेल, खिडकीखाली हाका आणि फोनची घरघर असं सगळं एकदम चालू होतं. “काकू, किती वेळ आहे आपल्याकडे?” असं तिसऱ्या मजल्यावरच्या निशांतने विचारलं, आणि त्याच्या हातात पासपोर्टांची पिशवी होती. अभिरामने प्रोसेसप्रमाणे टाकी ताबडतोब रिकामी करून टाकली. बिल्डिंगच्या पन्हाळ्यांतून उन्हाळ्यात असं पाणी वाहिलं की रस्त्यावरचे लोक थांबून वर बघू लागले. आणि संध्याकाळी गोटीराम आपल्या आईला, तिच्या खाटेला आणि पानाच्या डब्याला घेऊन देवस्थळ्यांच्या दारात हजर झाले.

बायजाबाई म्हणाल्या, “मीना, तुजे टाकीनं मना उठवली. आता तूच ठेव मना.”

हॉलमध्ये खाट टाकली.

पुढचे दिवस बिल्डिंगने खालच्या नळावरून बादल्या वाहिल्या. अभिरामने तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञ म्हणाला, मूळ नकाशा द्या. नकाशा होता बिल्डरकडे. ज्या ऑफिसात नकाशाची नक्कल मिळते तिथे सांगितलं, अर्ज अध्यक्षांच्या सहीने करा. अध्यक्ष होते ह्यूस्टनला, मुलीच्या बाळंतपणाला. त्यांनी तिथून कळवलं की इथे सगळ्यांच्या टाक्या भक्कम आहेत.

मीनाताईंची मात्र अब्रू बादलीबादलीने जात होती. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणं बंद व्हायचं. भाजीवाल्याकडे एक बाई दुसरीला म्हणाली, “त्याच त्या, टाकीवाल्या.” घरकाम करणारी कान्हाची आई म्हणाली, “बादल्यांचं काम माझ्या बोलीत नव्हतं, काकू,” आणि सुट्टीवर गेली. अभिमानाचं सगळं भांडवल सुधीररावांनी एका फोटोत संपवलं होतं. ते आता गुपचूप उठून सगळ्यात आधी नळावर जात आणि बायजाबाईंसाठी दोन बादल्या जास्तीच्या आणत.

बायजाबाई लॅपटॉपशेजारी बसून मेश बघायच्या.

“जालं हाय ना ह्ये? मग बारीक कर. मोट्या भोकांच्या जाल्यान मासली गावत नाय.”

“आजी, सगळीकडे बारीक करून चालत नाही.”

“कर गो. आमी जनमभर जाली टाकली.”

घरात पाहुण्या, वयाने मोठ्या. मीनाताईंनी मान ठेवून सगळीकडे बारीक मेश केली. लॅपटॉप सकाळी विचार करू लागला तो दुपारी गरम होऊन बंद पडला. “फाटलं,” बायजाबाई शांतपणे म्हणाल्या. “लय भरलंस.” मग मीनाताईंनी स्वतःच्या अकलेने बुडाजवळ तेवढी जाळी बारीक ठेवली, वर मोठी. उत्तर पुन्हा तेच आलं. आणखी बारीक केली, तरी तेच. टाकी चांगली भक्कम होती. पण हे, आणि चित्र वाढवून दाखवलेलं आहे हे, ऐकणार कोण?

शेवटी पार्किंगमध्ये सभा भरली. अभिराम म्हणाला, “काकू, सिंपल आहे. तुम्ही सर्वांसमोर सांगा की ते चित्र खोटं होतं. मी टाकी भरतो, विषय क्लोज.”

“आणि माझ्या प्रोजेक्टवरची सही?”

“खोट्या चित्रावर सोसायटी सही कशी देणार?”

“चित्र खोटं नाही,” मीनाताई म्हणाल्या. “फुगवून दाखवलंय. हे बघा खऱ्या मापाचं.” त्यांनी दुसरा कागद दाखवला. त्यावर टाकी सरळच्या सरळ उभी होती.

“हा तर जुना फोटो!” मागून कुणीतरी ओरडलं.

“ह्यात काहीच होत नाहीये!”

“तेच तर सांगतेय, काही होत नाहीये!”

“मग आधीच्यात का होत होतं?”

मीनाताईंनी कागद खाली केला. एक शब्द, ‘खोटं’, एवढा म्हटला की शंभर माणसांच्या बादल्या सुटत होत्या. त्या वाईट नव्हत्या. बादल्या त्यांनाही दिसत होत्या. गोटीरामांचा श्वास जिन्यात लागतो हे दिसत होतं. पण खोटं म्हटलं की ते एकच उत्तर, जन्मातलं पहिलं, त्यांच्याच तोंडून पुसलं जाणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. बहुधा त्या ‘बरं’च म्हणणार होत्या.

तेवढ्यात करिमुन्निसाभाभी उभ्या राहिल्या. “ओ अभिराम, तू बस जरा. ताई, मला ते लाल-निळं नाय कळत. एकच सांगा. टाकी भरली, तर तुमी तिच्याखाली बसाल?”

सगळ्यांच्या माना मीनाताईंकडे वळल्या.

“बसेन,” मीनाताई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

झालं. प्रोसेस ठरली. दुसऱ्या दिवशी मीनाताई गोटीरामांच्या हॉलमध्ये टाकीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसल्या आणि पंप सुरू झाला. सुधीरराव शेजारी बसले, कारण नवरा म्हणून आणि गुन्हेगार म्हणूनही त्यांची तीच जागा होती. करिमुन्निसाभाभी सांदणांचा डबा घेऊन आल्या. बायजाबाईंनी आपलं घर म्हणून मधोमध बैठक मारली. दारात, जिन्यात, सगळी बिल्डिंग. अभिराम मात्र लांब, लिफ्टचं दार पायाने अडवून उभा.

वर पाणी चढत होतं. त्याचा आवाज आधी पोकळ यायचा, मग भरीव होत गेला. लोकांनी सांदणं खाल्ली. कुणी म्हणालं, “अर्धी झाली असेल.” कुणी म्हणालं, “काकू, घाम आलाय तुम्हाला.” मीनाताई म्हणाल्या, “पंखा बंद आहे.” तो होताच बंद, कारण छताला कंप नको म्हणून निशांतने बंद केला होता.

आणि मग वरून धबाबा आवाज आला आणि खिडकीबाहेर पाण्याचा पडदाच कोसळला.

“फुटली!”

जिना क्षणात रिकामा झाला. चपला तिथेच, माणसं तळमजल्यावर. सुधीररावही दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबून मागे बघत राहिले. त्यांचे पाय बाहेर होते आणि तोंड आत. करिमुन्निसाभाभींचा डबा जमिनीवर गरगरत होता.

मीनाताई उठल्या नाहीत. उठावंसं वाटलं नाही असं नव्हे; गुडघे उठलेही होते अर्धे. पण त्यांनी डोळे मिटून बुडाजवळचा तो लाल पट्टा आठवला. टाकी फुटली तर तिथून फुटणार, आणि तिथून फुटली तर आधी या छतातून पाणी येणार. त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं. पाणी बाहेरून येत होतं, वरच्या कडेवरून. त्या पुन्हा खाली बसल्या.

“आजी, तुम्ही नाही पळालात?”

“कुटं पलू? पायाला मुंग्या आल्यात,” बायजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मीनाताईंचा हात धरला. “आनि तू बसलीस ना.”

सगळ्यांच्या आधी करिमुन्निसाभाभी परत आल्या, धापा टाकत. “माफ करा ताई, पाय ऐकेनात,” म्हणाल्या आणि खाली सांडलेली सांदणं गोळा करत तिथेच बसल्या. त्यांच्यामागून सुधीरराव आत आले. त्यांनी खुर्ची मीनाताईंच्या खुर्चीला चिकटवली.

उलगडा झाला तो असा. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा जो चेंडू आत असतो, तो प्लंबरने धुवायला काढला होता आणि परत बसवायला विसरला होता. त्यामुळे टाकी रोज भरते त्याहून जास्त, कडेपर्यंत भरून, वरून वाहिली होती. आणि तरीही तिला काही झालं नव्हतं. इतकी कडक परीक्षा तर कॉलेजनेही घेतली नसती.

अभिरामने सही तिथल्या तिथे, लिफ्टच्या भिंतीवर कागद टेकवून केली.

बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, “मॅडम, तुमचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून?” मीनाताईंनी सांगितलं, मेश दोनदा बारीक केली, उत्तर हललं नाही. हाताने गणित केलं, ते जुळलं. मग म्हणाल्या, “आणि टाकी भरत असताना मी तिच्याखाली बसले होते.” परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि आधी ती हकीकत सांगा म्हणाले. बाकीच्या मुलांच्या परीक्षा उशिरा झाल्या.

प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर आभार लिहायचे असतात. मीनाताईंनी खरंच मनापासून लिहिले. सुधीररावांचे, कारण त्यांनी फोटो पाठवला नसता तर मीनाताई एका निळ्या-लाल चित्रावर समाधान मानून मोकळ्या झाल्या असत्या. अभिरामचे, अडून बसल्याबद्दल. प्लंबरचे, विसरल्याबद्दल. करिमुन्निसाभाभींचे, प्रश्नाबद्दल. अबोली मॅडमनी वाचून विचारलं, “काकू, हे उपहासाने आहे का?” “नाही हो,” मीनाताई म्हणाल्या, “एकेक शब्द खरा आहे.”

पुढे अभिरामची बदली पुण्याला झाली. तिथल्या सोसायटीतही तो सेक्रेटरी आहे, आणि टाकी रिकामी करण्याआधी तो आता मीनाताईंना फोन करतो. निशांत कॅनडाला गेला, पण साध्या, ठरलेल्या विमानाने. प्लंबर तोच आहे, सोसायटीला दुसरा मिळाला नाही. करिमुन्निसाभाभींचा मुलगा नौमान न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला आहे. त्याच्या ऑफिसात कसल्याशा गोल पिंपांचा प्रश्न निघाला तेव्हा त्याने “आमच्या शेजारच्या काकूंना विचारू” म्हटलं, आणि भाभी ती बातमी सांगायला चप्पल न घालता धावत आल्या. अबोली मॅडम दर वर्षी नव्या वर्गाला मीनाताईंच्या टाकीचं चित्र दाखवतात, कोपऱ्यातल्या आकड्यांसकट. सुधीरराव आता फोटो पाठवण्याआधी विचारतात, आणि मीनाताई बहुतेक वेळा हो म्हणतात.

बायजाबाई मागच्या थंडीत गेल्या. वय झालं होतं, दुखणं असं काही नव्हतं. टाकी भरली त्याच दिवशी त्या आपली खाट घेऊन वर गेल्या, आणि गोटीरामांनी आतल्या खोलीत सोय करतो म्हटलं तरी ऐकलं नाही. शेवटपर्यंत हॉलमध्येच, टाकीच्या बरोबर खाली झोपल्या. भेटायला येणारं कुणी बिचकून वर बघायला लागलं की त्या पांघरुणातून हात काढून सांगायच्या, “बस आरामात. मीनानं बगलंय.”